दुखऱ्या गड्याचा भाव

घर भाड्याने घेताना आपण नळाला पाणी किती वेळ येते ते विचारतो. सोयरीक जमवताना दोन्हीकडची मंडळी आडून आडून प्रकृतीची चौकशी करतात. जुनी मोटारसायकल घ्यायची झाली, तर ओळखीच्या मेकॅनिकला चहा पाजून बरोबर नेतात आणि तो इंजिनाला कान लावून ऐकत असताना श्वास रोखून उभे राहतात. पण ज्याचा गुडघा अधूनमधून रुसतो, खांदा निखळतो किंवा पाठ धरते, असा नावाजलेला खेळाडू आपल्या संघात घ्यावा की नाही, हे ठरवताना काय विचारावे, याबद्दल मात्र कोणी कोणाला चार शब्द सांगून ठेवलेले नाहीत. दिवाळीच्या अंकात भाजणीचे प्रमाण मिळते, वर्षाचे राशिभविष्य मिळते. म्हणून म्हटले, यंदा या सदरात हा विषय घ्यावा.

आमच्या घरात हा विषय शिरला तो नातवामुळे. वाशिमसारख्या गावात राहून या पठ्ठ्याला अमेरिकेतल्या बास्केटबॉलचे वेड लागले आहे. कार्तिकात त्याची आजी काकडआरतीला उठते त्याच सुमारास हा उठतो आणि पांघरुणात मोबाइल धरून कोण्या एका संघाचा सामना पाहतो. तिकडे करार संपलेला, कोणाच्याच दावणीला नसलेला खेळाडू असला, की त्याला ‘फ्री एजंट’ म्हणतात. आपण त्याला मोकळा गडी म्हणू. याच्या संघाने असाच एक मोकळा, पण सदा दुखऱ्या पायाचा गडी घ्यावा की नाही, यावर हा मित्रांशी तासन् तास फोनवर भांडतो. एकदा मला म्हणाला, “आजोबा, तुम्ही असता तर घेतला असता का?” मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. मला काय कळते? पण प्रश्न डोक्यात राहिला, आणि मी त्याच्याकडूनच थोडी माहिती काढून घेतली.

त्या माहितीतली एक गोष्ट सांगतो. ग्रँट हिल नावाचा फार गुणी खेळाडू. २००० साली ऑर्लँडोच्या संघाने त्याला सात वर्षांच्या कराराने घेतले. रक्कम नऊ कोटी डॉलरहून अधिक. येताना त्याचा घोटा दुखावलेलाच होता. पहिल्या वर्षी तो ४ सामने खेळला, दुसऱ्या वर्षी १४, तिसऱ्या वर्षी २९ आणि चौथ्या वर्षी एकही नाही. तिकडे एका मोसमात ८२ सामने असतात. म्हणजे चार वर्षांच्या ३२८ सामन्यांपैकी हा गृहस्थ ४७ सामने मैदानावर होता. मधल्या काळात घोट्यावर शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या, एकदा तर जंतुसंसर्ग होऊन जिवावर बेतले. याच्यावरही कडी म्हणजे, त्याला मिळवण्यासाठी ऑर्लँडोने डेट्रॉइटला जे दोन खेळाडू दिले, त्यांत बेन वॉलेस नावाचा एक होता. त्या वेळी त्याचे फारसे नाव नव्हते. पुढे तो चार वेळा त्या स्पर्धेतला सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि २००४ साली डेट्रॉइटने अजिंक्यपद जिंकले.

येथवर ऐकल्यावर कोणीही म्हणेल, दुखरा गडी घेऊच नये. मीही तेच म्हणणार होतो. पण नातू म्हणाला, “थांबा, पुढचे ऐका.” हाच हिल २००७ साली फिनिक्सच्या संघात गेला, पहिल्याच्या मानाने किरकोळ पगारावर. त्या संघाच्या वैद्यकीय मंडळींचा मोठा लौकिक होता. तेथे २००८-०९ च्या मोसमात, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तो ८२ पैकी ८२ सामने खेळला! घोटा तोच. वय वाढलेले. मग पहिल्यांदा घेतला तेव्हा नुकसान आणि दुसऱ्यांदा घेतला तेव्हा फायदा, हे कसे?

याचे उत्तर मला एका शेतकरी स्नेह्याने दिले. बास्केटबॉल म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नाही. पण बैलबाजारात त्यांचा शब्द चालतो. आता आमच्याकडे सोयाबीनच्या पट्ट्यात ट्रॅक्टर झाले, तरी ज्यांच्या दारात अजून जोडी आहे ते बैल घेण्याआधी यांना बरोबर नेतात. मी त्यांना विचारले, “लंगडा बैल घ्यावा का हो?” ते माझ्याकडे पाहत राहिले. मास्तरला काय झाले, असा चेहरा. मग म्हणाले, “गुरुजी, बैल लंगडते हे तं कोनालेबी दिसते. पन लंगडते कुठं ते पाहा. सडकेवर लंगडते का वावरात? वावरात लंगडला तं मंग तो आपल्या कामाचा नाही. सडकेवर लंगडत असन तं नाल ठोका, अन् चार पैशे कमी द्या.”

मोठमोठ्या संघांचे व्यवस्थापक लिलावाच्या दालनात बसून, संगणक समोर ठेवून याहून वेगळे काही करत असतील असे मला वाटत नाही. दुखणे कोणते, काम कोणते, आणि भाव किती. या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या तर पुष्कळ घोळ मिटतात. त्यातही भावाची गंमत अशी, की ती त्या गड्याच्या हातात नसते. आपल्या कोल्हापूरकडच्या चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई पाहा. प्रो-कबड्डीत २०१८ साली मुंबईच्या संघातून आला आणि पहिल्याच मोसमात चढायांनी सारे मैदान हलवून सोडले. २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना घेतले. पुढे खांदा दुखावला आणि मोसमच्या मोसम बाकावर जाण्याची पाळी आली. २०२२ च्या लिलावात त्याच टायटन्सने त्याला घेतले ते २० लाखांना. तेथे तो पुन्हा बरा खेळला, म्हणून २०२३ साली हरियाणाच्या संघाने पुन्हा १ कोटी मोजले. चार वर्षांत तोच खांदा दीड कोटींच्या घरातून वीस लाखांवर उतरला आणि परत कोटीवर चढला. आमच्या बाजार समितीत सोयाबीनचा भावसुद्धा इतका वरखाली होत नाही, आणि होतो तेव्हा निदान मोर्चा तरी निघतो!

पण मला आज मुख्यतः सांगायची आहे ती आपल्या विदर्भाची हकीकत. ती वर्तमानपत्रांत तुकड्यातुकड्याने येऊन गेली, आणि क्रिकेटच्या धामधुमीत तिच्यातला हा एक धागा पुष्कळांच्या लक्षात राहिला नाही.

वासिम जाफर हे नाव वाचकांना सांगायला नको. मुंबईच्या बसचालकाचा मुलगा. १९९६-९७ साली मुंबईकडून खेळू लागला आणि दुसऱ्याच रणजी सामन्यात त्याने नाबाद ३१४ धावा काढल्या. पुढे ३१ कसोटी सामने, त्यांत दोन द्विशतके, एक वेस्ट इंडीजमध्ये आणि एक पाकिस्तानविरुद्ध कोलकात्यात. मुंबईबरोबर त्याने आठ वेळा रणजी करंडक जिंकला. असा हा गडी २०१५-१६ च्या मोसमात विदर्भाकडे आला. वय तेव्हा सदतीस. रणजीत प्रत्येक संघाला बाहेरचे तीन खेळाडू मानधन देऊन घेता येतात, त्यांतला हा एक.

विदर्भाची त्या वेळची स्थितीही लक्षात घ्या. १९५७-५८ पासून आपला संघ रणजीत खेळतो आहे. म्हणजे वाशिम अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता तेव्हापासून! (आमचा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी.) एवढ्या वर्षांत आपण अंतिम सामन्याचे तोंडही पाहिले नव्हते. मुंबईकर, दिल्लीकर, कर्नाटकवाले यांना नागपूरचा सामना म्हणजे संत्री घेऊन परत जाण्याची सहल वाटे. अशा संघात मुंबईचा एवढा मोठा फलंदाज आला म्हणून आम्हाला आनंदच झाला होता. पहिला मोसम बरा गेला. आणि २०१६-१७ चा मोसम सुरू होतो न होतो तोच जाफर जायबंदी झाला. सबंध मोसम हुकला. एकही सामना नाही.

आता वाचकहो, तुम्ही स्वतःला २०१७ च्या उन्हाळ्यात नागपूरच्या असोसिएशनच्या खुर्चीत बसवा. तुमच्यासमोर चाळिशीला टेकलेला फलंदाज आहे. गेले अख्खे वर्ष तो मैदानावर उतरलेला नाही. बाहेरच्या गड्यांसाठी तुमच्याकडे तीनच जागा आहेत. एका जागी कर्नाटकचा गणेश सतीश, दुसऱ्या जागी रेल्वेकडून खेळलेला कर्ण शर्मा. तिसरी जागा याला द्यायची, की एखादा पंचविशीतला धडधाकट, धावांसाठी भुकेला मुलगा कोठून तरी शोधायचा? मी तर सरळ म्हणतो, कागदावरचा हिशेब जाफरच्या विरुद्ध होता. तेव्हा गावातल्या पानठेल्यावरही असेच मत पडले असते, आणि ते अगदी अडाणी मत ठरले नसते.

परंतु त्याआधी एक गोष्ट घडलेली होती. जाफर ज्या वर्षी एकही सामना खेळला नाही, त्या वर्षीचे ठरलेले पैसे असोसिएशनने त्याला पूर्ण दिले होते. हप्ते ठरले होते, ते पोचते झाले. खेळला नाहीस, कापून घेतो, असे कोणी म्हटले नाही. आणि म्हणून पुढच्या वर्षी हा गृहस्थ म्हणाला, यंदा मी खेळतो, पण मानधन घेणार नाही. २०१७-१८ चा तो सबंध मोसम वासिम जाफर विदर्भाकडून फुकट खेळला.

येथे भाबडेपणा नको. त्याला इंडियन ऑइलमध्ये नोकरी होती, घरी चूल पेटण्याची चिंता नव्हती. ज्याचे पोट खेळावरच अवलंबून आहे त्याला असे औदार्य परवडत नाही, आणि त्याने ते दाखवले नाही म्हणून त्याला कोणी नावे ठेवू नयेत. तरीसुद्धा परवडणारे पुष्कळ असतात. देणारे किती असतात, हे कोणत्याही गणेशोत्सवाच्या वर्गणीवाल्या पोराला विचारा.

पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. पण सांगताना अजून तोंड गोड होते, म्हणून सांगतोच. चंद्रकांत पंडित त्या वर्षी प्रशिक्षक म्हणून आले होते. कप्तान फैज फजल, आपल्या नागपूरचाच. त्याने मोसमात ९१२ धावा काढल्या. कोलकात्याला कर्नाटकाविरुद्ध उपान्त्य सामना. पहिल्या डावात आपण सर्व बाद १८५. म्हणजे गाशा गुंडाळल्यातच जमा. आणि तो सामना आपण ५ धावांनी जिंकला. पाच! रजनीश गुरबानीने दुसऱ्या डावात सात गडी बाद केले. मग इंदूरला दिल्लीविरुद्ध अंतिम सामना. तेथे गुरबानीने हॅट्‌ट्रिक घेतली, पोरसवदा यष्टिरक्षक अक्षय वाडकरने शतक ठोकले, जाफरने ७८ धावा केल्या. दुसऱ्या डावात जिंकायला २९ हव्या होत्या, आणि २०१८ च्या पहिल्याच दिवशी विजयाचा फटका मारताना खेळपट्टीवर जाफर होता. साठ वर्षांत पहिल्यांदा करंडक विदर्भात आला. आमच्या सौभाग्यवतींना क्रिकेटमधले षटक म्हणजे काय तेही नीट कळत नाही. पण त्या दिवशी त्यांनी आपण होऊन शिरा केला. कारण विचारले तर म्हणाल्या, “नागपूर जिंकले ना?” बाई माहेरच्या नागपूरच्या.

त्याच मार्चमध्ये जामठ्याच्या मैदानावर इराणी करंडकाच्या सामन्यात जाफरने २८६ धावा काढल्या. वय चाळीस. पुढच्या मोसमात १०३७ धावा, त्यांत उत्तराखंडाविरुद्ध द्विशतक, आणि विदर्भाकडे पुन्हा करंडक. दहा वेळा तो रणजीचा अंतिम सामना खेळला आणि दहाही वेळा त्याचा संघ जिंकला. मार्च २०२० मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा रणजीतल्या त्याच्या धावा बारा हजारांवर गेल्या होत्या. पाच मोसम तो विदर्भात होता. एक सबंध वाया गेला, दोन करंडक आले. २०१७ च्या उन्हाळ्यात ज्याने याला नको म्हटले असते, त्याने कागदावर बरोबर गणित करून केवढे घालवले असते!

आता तुम्ही म्हणाल, बैलवाल्याच्या कसोटीला हे कसे उतरते? मला वाटते, चांगले उतरते. फलंदाजाचे काम हे वावरातले काम. दुखरे शरीर सांभाळत, पावले मोजून, डोके शांत ठेवून ते करता येते. जाफर तिसऱ्या क्रमांकावर येई. उड्या मारणे, धापा टाकणे हा त्याचा धंदाच नव्हता. भाव म्हणाल तर त्या वर्षी शून्य. शिवाय वीस-बावीस वर्षांच्या पोरांना ड्रेसिंग रूममध्ये रोज जो माणूस समोर दिसतो, त्याने आठ वेळा हा करंडक हातात धरलेला आहे, याची किंमत धावफलकावर कोठे लिहितात?

वेगवान गोलंदाजाचे तसे नाही. तो सदा सडकेवर धावणारा. आपल्या श्रीरामपूरचा झहीर खान आठवा. २०११ च्या विश्वचषकात २१ बळी घेऊन तो पाकिस्तानच्या आफ्रिदीबरोबर पहिला आला. त्याच वर्षी जुलैत लॉर्ड्‌सच्या कसोटीत, पहिल्याच दिवशी, १३.३ षटके टाकून मांडी धरून बाहेर गेला तो त्या मालिकेत परत आलाच नाही. चारही सामने आपण हरलो. चौथ्या कसोटीसाठी सुटीवर असलेल्या आर. पी. सिंगला बोलावून आणावे लागले. यात झहीरचा दोष मी मानत नाही. त्याचे शरीर असे आहे हे सगळ्यांना दहा वर्षे ठाऊक होते. त्याच्या मागे दुसरा तयार ठेवला नव्हता, हा घरधन्याचा दोष. ज्या घरात पाणी दिवसाआड येते, तेथे हंडे भरून ठेवतातच ना?

या भरलेल्या हंड्यांवरून मी त्या प्रश्नावर येतो, जो आमच्या भागातल्या आईबापांना खरोखर सलतो. बाहेरचा गडी घेतला, आणि तोही दुखरा, तर आमच्या पोराची जागा गेली, त्याचे काय? वाशिम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीर येथला मुलगा जरा बरा निघाला, की आईबाप पोटाला चिमटा घेऊन त्याला अकोल्याला, नाहीतर नागपूरला धाडतात. तेथे तो संघाच्या दारापर्यंत पोचतो आणि आत पाहतो तो मुंबईचा पाहुणा पाटावर बसलेला. या दुःखाला मी हसणार नाही. माझे दोन विद्यार्थी अशाच दारातून परत आले, आणि एकाच्या वडिलांनी त्याच्या सरावासाठी वावराचा तुकडा विकला होता.

पण गोष्टीला दुसरी बाजूही आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये नागपूरला पुन्हा इराणी करंडकाचा सामना झाला. जाफर दुखापतीमुळे त्यात नव्हता. त्या सामन्यात अकोल्याचा अथर्व तायडे वरच्या फळीत खेळला. वय अवघे अठरा. शेवटच्या डावात पोराने ७२ धावा काढल्या, आणि पहिल्या डावातल्या आघाडीवर विदर्भाने तोही करंडक राखला. दुखऱ्या गड्याचा हा एक गुण धडधाकट गड्यात नसतो. तो अधूनमधून जागा रिकामी करतो. आणि मागे उभा असलेला मुलगा तयार असेल, तर त्याला आत येता येते. मात्र तो तयार असला पाहिजे, आणि त्याला तयार ठेवणे हे त्याच्या एकट्याच्या बापाचे काम नव्हे. विदर्भाने ते केले असे दिसते. २०२४-२५ मध्ये आपण तिसऱ्यांदा रणजी जिंकलो तेव्हा बाहेरून आलेल्या करुण नायरने अंतिम सामन्यात शतक केले, आणि त्याच सामन्यात आपल्या दानिश मालेवारनेही. त्या मोसमात हर्ष दुबेने ६९ बळी घेऊन रणजीतला उच्चांक केला. आणि कप्तान होता तोच इंदूरचा शतकवीर वाडकर. पाटावरच्या पाहुण्यामुळे घरची मुले उपाशी राहिली, असे निदान येथे तरी झालेले नाही.

हे सारे मी इतक्या विस्ताराने लिहिले याला एक ताजे कारण आहे. आमच्या गावात दिवाळीनंतर टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धा होतात. आठ षटकांचा सामना, एका गोलंदाजाला दोन षटके. ज्या मंडळाच्या कमिटीवर वयाचा मान म्हणून मला बसवलेले आहे, त्याच्यापुढे यंदा हाच प्रश्न आला. बाहेरच्या जिल्ह्यातला एक वेगवान गोलंदाज मोकळा आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने आम्हाला अंतिम सामना जिंकून दिला. गेल्या वर्षी तोच आमच्याकडून एक सामना खेळला आणि उरलेले तीन दिवस लिंबाच्या झाडाखाली गुडघ्यावर बर्फ धरून बसला. पैसे मात्र पूर्ण घेतले, असे आमचे खजिनदार अजून म्हणतात. यंदा तो पुन्हा यायला तयार आहे. तरुण मंडळी म्हणतात, घ्या. खजिनदार म्हणतात, त्या पैशात सगळ्या पोरांना नवे बूट येतील.

मी बैलवाल्यांचा प्रश्न विचारला. गुडघा दुखतो तो कधी? दोन षटके टाकताना की पळताना? कोणालाच ठाऊक नव्हते! शेवटी त्यालाच फोन लावला. तो म्हणाला, “सर, दोन षटकं काही होत नाही. सीमेवर उभं करून पळवता, तेव्हा सुजतो.” गेल्या वर्षी आम्ही त्याला चारही सामन्यांत सीमेवर उभे करणार होतो; पहिल्याच सामन्यात त्याने तीन चौकार अडवले होते आणि आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. तेव्हा पहिली अट अशी ठरली, की त्याला यष्टीजवळ उभे करायचे आणि पळायचे काम पोरांनी करायचे. दुसरी अट, पैसे एकरकमी न देता सामन्यागणिक द्यायचे. तिसरी, मंडळातले जे दोन मुलगे वेगात चेंडू टाकतात त्यांनी स्पर्धेआधी आठवडाभर त्याच्यापाशी शिकायचे, आणि त्यांतला एक प्रत्येक सामन्याला बाकावर तयार ठेवायचा. येथवर खजिनदारही राजी झाले.

मग मी विचारले, हा मुलगा पोटापाण्याला काय करतो? कळले की मालवाहू टेम्पो चालवतो. दुसऱ्याचा टेम्पो, रोजाने. म्हणजे ज्या गुडघ्याने तो आमच्यासाठी धावत येऊन चेंडू टाकणार, त्याच गुडघ्याने तो रोज दोनशे वेळा क्लच दाबतो. तो गुडघा आमच्या मैदानावर गेला, तर आमचा एक चषक जाईल. त्याच्या घरची चूल विझेल. जाफरमागे इंडियन ऑइल होते. याच्यामागे कोण आहे? आणि तासभर चाललेल्या चर्चेत हा गडी घेण्यात आपल्याला धोका किती, याचाच खल चालला होता. त्याला धोका किती, हे एकानेही काढले नव्हते. गेल्या वर्षी त्याने पूर्ण पैसे का मागून घेतले असतील, तेही मला त्या क्षणी नीट कळले. सुजलेला गुडघा घेऊन तो पुढचे कित्येक दिवस टेम्पोवर बसू शकला नसेल.

म्हणून मी चौथी अट मांडली. आमच्या सामन्यात त्याला दुखापत झाली, तर दवाखान्याचा खर्च मंडळाचा, आणि तो घरी बसेल तितक्या दिवसांचा रोजही, निदान महिनाभर, मंडळाचाच. हे जमत नसेल तर त्याला बोलावू नये, पोरांना बूट घ्यावेत. दुखरा गडी घ्यायचा तर त्याचे दुखणेही घ्यावे लागते. नागपूरकरांनी जाफरच्या बाबतीत तेच केले होते, आणि पुढचे सगळे त्यातून निघाले. मंडळी गप्प झाली. खजिनदार चष्मा पुसत म्हणाले, “गुरुजी, विदर्भ असोसिएशनची तिजोरी आणि आपली पेटी यांत फरक आहे.” तो आहेच. आमच्या पेटीला कुलूपसुद्धा उसने आणलेले आहे.

वाद तेथेच थांबला. पहिल्या तीन अटी कार्यवृत्तात लिहिल्या गेल्या आहेत. चौथी लक्ष्मीपूजनानंतरच्या सभेवर टाकली आहे. दरम्यान मी बाजारपेठेतल्या तीन दुकानदारांकडे जाऊन आलो. स्पर्धेच्या फलकावर नाव लिहायला ते पैसे देतातच. यंदा फलकाऐवजी या कामासाठी द्या, म्हटले. दोघांनी हो म्हटले. तिसरा म्हणाला, “गुरुजी, गडी घरी बसला तर माझे नाव कोण वाचणार?” त्याच्याकडे पाडव्याला पुन्हा जाणार आहे. खजिनदारांनाही बरोबर येता का म्हणून विचारले आहे; त्यांनी अजून नाही म्हटलेले नाही.